घरचा दात

“आ कर, ठके. आणखी. सुसरीसारखा जबडा उघड की गं, मी काय तुझ्या तोंडातला घास काढून घेणार आहे?”

आत्याचा आवाज असा होता, जाडसर आणि उबदार, उन्हात वाळलेल्या गोधडीसारखा. दोऱ्याचं एक टोक हलणाऱ्या दाताला बांधलेलं, दुसरं आत्याच्या बोटाला. ओढायच्या आधी ती मनानंच जुळवलेली एक ओवी म्हणायची:

*दुधाचिया दाता, सोड आता घर,*
*मागे उभा थोर, भाऊ तुझा.*

‘तुझा’ म्हणताना हिसका बसायचा. ओवी संपली हे कळायच्या आत दात तळहातावर आलेला असायचा, आणि रडायचं राहूनच जायचं.

याला पस्तीसेक वर्षं झाली. आत्या आता नाही. तिचा भाऊ, म्हणजे ठकीचे बाबा, तेही नाहीत. ठकी मात्र अजून ठकीच आहे. एकदा आईचा फोन स्पीकरवर लागला आणि घरातलं हे नाव प्रयोगशाळेत गेलं. तेव्हापासून तिथले सरही तिला ठकीच म्हणतात. तिचं काम दात कापण्याचं. हिऱ्याची धार असलेली बारीक चकती, तिच्यावर थेंब थेंब पडणारं पाणी, चिमट्यात धरलेला दात. कापलेला काप ती घासत राहते, इतका की त्याच्या आरपार दिसू लागतं. मग तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते.

दात झाडासारखा वाढतो, थरावर थर. दुधाच्या दातांची सुरुवात पोटातच होते, त्यामुळे जन्माचा धक्का त्यांना बसतो आणि तिथे एक काळी रेघ उमटते. रेघेच्या अलीकडे पोटातले दिवस, पलीकडे जगातले. पलीकडच्या थरांत आईचं दूध येतं. दुधातून बेरियम नावाचं द्रव्य बाळाकडे जातं, आणि ते आईच्या हाडांतूनही आलेलं असतं. दूध चालू असेपर्यंत बेरियम वर राहतं, दूध सुटलं की उतरतं. लेझरचा किरण दातावर रेघ ओढत जातो, यंत्र त्या धुळीतलं बेरियम मोजतं, आणि कागदावर एक वेडीवाकडी वाट उमटते. ज्याला बोलता येत नव्हतं अशा जिवाचं ते पहिलं वर्ष असतं.

हा सगळा खटाटोप एका हत्तीच्या पिल्लासाठी चालला होता. विटांसाठी माती खणताना ते सापडलं होतं. त्याची जात केव्हाच नामशेष झालेली. पिल्लाच्या दुधाच्या दाढा शाबूत होत्या, नुसत्या मातकट झाल्या होत्या. सरांनी आयुष्यभर मेलेली जनावरं पाहिली होती, पण या पिल्लाशी ते हलक्या आवाजात बोलत.

आता मेलेल्या पिल्लाच्या आईला काही विचारता येत नाही. म्हणून पद्धत आधी अशा दातांवर पारखायची, ज्यांच्या आयांना विचारता येतं. त्यातून तिथे एक रिवाज पडला होता. कामाला लागणाऱ्या प्रत्येकानं घरचा एक दुधाचा दात द्यायचा, स्वतःचा किंवा पोराचा. त्याला ‘घरचा दात’ म्हणत. सरांनी मुलाचा दिला होता. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई, ज्यांना दिवस न भरता जन्मलेल्या बाळांसाठी ही पद्धत हवी होती, त्यांनी लेकीचे दोन दिले होते. ठकीनं स्वतःचा दिला. आत्यानं काढलेले सगळे दात आईनं एका पितळी डबीत ठेवले होते.

“दूध किती दिवस पाजलंस मला?” तेव्हा तिनं फोनवर विचारलं होतं.

“दोन वर्षं. सलग. लिही,” आईनं सांगितलं आणि गॅसवर काही ठेवलंय म्हणून फोन ठेवला.

आलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला एक गणिती होता. कुठला दात कुणाचा, हे त्याला कळू द्यायचं नाही. त्याच्याकडे फक्त आकडे जायचे, पाखरांच्या नावाखाली, म्हणजे घुबड, कावळा, बगळा, साळुंकी. कुठला आकडा माणसाचा आणि कुठला जनावराचा, हेही त्याला ठाऊक नसायचं. वाट कुठे मोडली, कुठे वळली, हे त्यानं नुसत्या गणितानं सांगायचं. मग सर नावं उघडणार. कुठल्या दाताला कुठल्या पाखराचं नाव दिलंय, हे दात कापणारीलाही कळू द्यायचं नाही, असा नियम होता. ठकीनं तो पाळला होता.

गणिती बारीक चणीचा, बोलण्यात मात्र ऐसपैस. त्या दिवशी तो पडद्यापुढे उभा राहिला आणि हात चोळत म्हणाला, “बाकीची पाखरं शहाणी आहेत. दूध हळूहळू सुटलंय, उतारावरून गाडी सोडावी तसं. गंमत आहे ती बगळ्याची आणि साळुंकीची.”

“काय गंमत?” सर पुढे सरकले.

“दोघांचंही दूध मध्येच तुटलंय. उतार नाही, पायरी नाही, दिवा विझवावा तसं. काही आठवडे काळोख. आणि मग परत चालू! पूर्वीइतकंच.” त्यानं दोन्ही वाटा एकावर एक ठेवल्या. “जुळी भावंडं म्हणा.”

“परत चालू कसं होईल?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “इतक्या दिवसांनी दूध आटतं.”

“ते तुम्ही सांगा बाई. मी आकड्यांचा माणूस. पण दोघांच्याही घरी काहीतरी झालंय एवढं नक्की. आई रुसून निघून गेली असेल आणि जाताना पोर विसरली असेल!”

सगळे हसले. ठकीही हसली.

सरांनी नावं उघडली. बगळा म्हणजे हत्तीचं पिल्लू. सर खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. याचा अर्थ असा की पिल्लाची आई हरवली किंवा मेली होती, पिल्लू काही काळ दुधावाचून राहिलं आणि मग कळपातल्या दुसऱ्या कुठल्या तरी हत्तिणीनं त्याला जवळ घेतलं. दुसऱ्याचं पोर पाजणारा कळप इतक्या जुन्या काळात कुणीही दाखवला नव्हता.

“आणि साळुंकी?” गणिती म्हणाला.

सरांनी कागद पाहिला. मग ठकीकडे पाहिलं. “तू,” ते म्हणाले.

गणितीनं कान चोळला. “मी गमतीनं बोललो गं.”

“माहितीय.”

“तुझ्या आईनं काय सांगितलं होतं?” सरांनी विचारलं.

“दोन वर्षं. सलग.”

पुढचं सगळ्यांनाच दिसत होतं. साळुंकीचं दूध खरोखर सलग असेल, तर न तुटलेलं दूध तुटलेलं दाखवण्याची खोड या पद्धतीला आहे. मग बगळ्याचाही भरवसा नाही. कळप नाही, दुसरी हत्तीण नाही, काही नाही; यंत्राची एक उचकी, बस. आणि साळुंकीचं दूध खरंच तुटलं असेल, तर पिल्लाच्या बाजूनं उभी राहणारी तीच एकटी साक्षीदार.

“आया विसरतात,” डॉक्टरबाई हलकेच म्हणाल्या. “माझ्याकडे रोज येतात विसरलेल्या.”

“माझी आई बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होती,” ठकी म्हणाली. “ती कुठल्या खाटेवर कुणाला काय झालं तेही विसरत नाही.”

तिनं दाताचा उरलेला अर्धा भाग कापला, घासला, पुन्हा यंत्राखाली घातला. वाट तीच आली. त्याच जागी विझलेली, त्याच जागी पेटलेली.

सर दारापर्यंत तिच्याबरोबर आले. “दात देणाऱ्याला तो केव्हाही परत मागता येतो. कारण द्यावं लागत नाही. तुलाही तो हक्क आहे.”

“मग पिल्लाचं?”

“पिल्लाचं आपण ‘काही सांगता येत नाही’ असं लिहू.” सरांनी हे सपाट आवाजात सांगितलं, पण त्यांचा हात खिशात काहीतरी शोधत राहिला.

आई दुसऱ्या मजल्यावर राहायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी इमारतीतल्या सगळ्यांना ती सिस्टरच. दाराला कडी क्वचितच असायची. ठकी पोचली तेव्हा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर वरच्या मजल्यावरची सून बसली होती. केस विस्कटलेले, मांडीवर रडून लाल झालेलं बाळ.

“पोत्यासारखं काय धरलंयस त्याला? मानेखाली हात घाल. हां. आता तोंड मोठं उघडेपर्यंत थांब. घाई तुला आहे, त्याला नाही.”

“दुखतं हो सिस्टर.”

“नीट धरलंस की नाही दुखणार. बघ. बघ, लागला की नाही कामाला? बापावर गेलाय, जेवताना गप्प.”

सून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “मला ना सिस्टर, कधी कधी वाटतं, याला खाली ठेवावं, चपला घालाव्यात आणि चालत सुटावं.”

आईनं बाळाच्या टाळूवरून बोट फिरवलं. “वाटलं की मनात घोळवत बसू नकोस. मला हाक मार. पोर माझ्याकडे टाक आणि जा गच्चीवर, बस हवं तेवढं. पण सांगून जा.”

सून गेल्यावर आईनं पेला विसळला, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. “चेहरा का असा? मेलेल्या हत्तीनं मारलं का शिंगानं?”

“हत्तीला शिंगं नसतात आई.”

“तेच म्हणते. मग कशानं?”

ठकीनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं ती वाट काढली. चढलेली, सपाट, एकदम पडलेली, पुन्हा चढलेली. “ही तुझी रेघ.”

“माझी कशी? दात तुझा.”

“दूध तुझं.” तिनं पडलेल्या जागेवर बोट ठेवलं. “इथे, मी पाच महिन्यांची असेन, तेव्हा दूध बंद झालं. काही आठवड्यांनी परत चालू झालं. तू म्हणालीस सलग.”

“सलगच. मधेच बंद व्हायला तो काय नळ आहे?”

“आमच्या गणितवाल्यानं शोधलं. मी दोनदा तपासलं.”

आईनं चष्मा लावून रेघ पाहिली, मग चष्मा काढला. “हां, मग ते. तुला हगवण लागली होती. डॉक्टरांनी दूध थांबवायला सांगितलं. आत्या पातळ काहीतरी भरवायची.”

उत्तर लगेच आलं होतं, वॉर्डात नातेवाइकांना दिलं जातं तसं, धुतलेलं नि इस्त्री केलेलं. ठकी थोडा वेळ पेन्सिल फिरवत राहिली.

“बाळ आजारी पडलं की दाताची वाढ अडखळते. वेगळी काळी रेघ पडते. मला गोवर आला होता ना, वर्षाची व्हायच्या आत?”

“आला होता. डोळे चिकटायचे तुझे.”

“तो दिसतो. इथे आहे बघ, या टोकाला. पण दूध बंद होतं त्या दिवसांत काहीच नाही. एकसुद्धा रेघ नाही. थर सारखे आहेत, जाड आहेत. हगवण नव्हती आई. बाळ ठणठणीत होतं. मजेत होतं.”

“मजेत?” आई म्हणाली.

तो शब्द तिनं असा उच्चारला, की ठकीनं मान वर केली. आई ओट्याला टेकली होती. तिच्या हातातलं फडकं ओलं होतं आणि त्यातून पाणी पायावर पडत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

“म्हणजे काय, मजेत? दातावरून कळतं तसं?”

“हसत होतं का ते नाही कळत. पण खात होतं, झोपत होतं, वाढत होतं. पोटभर होतं. दाताला आईची उणीव भासली नाही, दुधाची भासली.”

“आत्यानं केलं असणार,” आई म्हणाली. “तिच्या हाताला होतंच ते.” खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल उभी केली आणि ती पडली. “नीट तपासलंस? रडून रडून झिजलं वगैरे असं काही नाही ना?”

“नाही.”

“बरं.”

तिनं फडकं पिळलं, वाळत घातलं, कोपरे जुळवले. ठकीला तिचा हा स्वभाव ठाऊक होता. वॉर्डात एखादं बाळ हाती लागलं नाही, की ती घरी येऊन असेच कोपरे जुळवत बसायची.

“मी दात परत मागू शकते,” ठकी म्हणाली. “कारण द्यावं लागत नाही. तू सलग म्हणतेस तर सलग. पिल्लाचं ‘काही सांगता येत नाही’ असं लिहून टाकू.”

“मग माग. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या हत्तीसाठी माझ्या घरात कोर्ट कशाला?”

“मागते.”

“त्या तुझ्या सरांना काय फरक पडतो?”

“त्यांना म्हणायचंय की पिल्लाची आई नाहीशी झाली आणि मग त्याला परत दूध मिळालं. माझा दात नसला तर कुणी मानणार नाही. बस, एवढंच.”

आई खुर्चीवर बसली, सून बसली होती त्याच. “परत मिळालं? त्या पिल्लाला?”

“हो. अगदी तुझ्या रेघेसारखं.”

“कुणाचं? त्याच्या आईचंच की दुसरीचं?”

“सर म्हणतात दुसरीचं. कारण मेलेली आई परत येत नाही, आणि इतके दिवस गेल्यावर दूध राहत नाही.”

“कोण म्हणतं राहत नाही?”

“डॉक्टरबाई.”

“त्यांना सांग, राखलं तर राहतं.” आईचा आवाज एकाएकी वॉर्डातला झाला, कोरडा आणि स्पष्ट. “रोज पिळून काढावं लागतं, चार-चार तासांनी. हातानं. दुखतं. आणि ओतून द्यावं लागतं मोरीत. काढलं नाही तर आठवड्याभरात आटतं. मी हजार बायकांना शिकवलंय. ज्यांची पोरं काचेच्या पेटीत होती त्यांना.”

ठकीनं पेन्सिल खाली ठेवली.

“मीही तसंच केलं.” आईनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. “मी आजारी नव्हते. तूही नव्हतीस. कुणी मला बोललं नव्हतं, तुझ्या बाबांनी तर कधीच नाही. मला सकाळ झाली की नको वाटायचं, तुझं तोंड पाहिलं की आणखी नको वाटायचं. आत्याला म्हटलं, जरा दुकानात जाऊन येते. आणि बसमध्ये बसले. दुसऱ्या गावी एका दवाखान्यात जागा होती, तिथे लागले. सिस्टरांच्या वसतिगृहात खाट मिळाली. परत यायचं नाही असं ठरवूनच गेले होते. कपडेसुद्धा ठरवून नेले होते.”

“आई.”

“थांब. पहिल्या दिवशी अंगावरचं सगळं भिजलं, म्हणून काढलं. दुसऱ्या दिवशी ठणका लागला, म्हणून काढलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता नाही काढायचं, आटू दे, सुटू दे एकदाचं. आणि हात गेला. रोज ठरवायची, रोज हात जायचा. घरचं कुणी मला शोधायला आलं नाही, म्हणजे तुझ्या बाबांना पत्ताच नव्हता. एक दिवस परत आले मी. आत्यानं दार उघडलं, तुला माझ्या हातात दिलं आणि पाणी तापवायला आत गेली. मेली तोवर तिनं मला कधी विचारलं नाही, कुठे होतीस. आणि मी सांगितलं नाही. तुझ्या बाबांना सांगितलं, दुकानातून येताना चक्कर आली, कुणीतरी दवाखान्यात ठेवलं, निरोप पोचला नसेल. त्यांनी मानलं. किंवा मानल्यासारखं केलं.”

ठकीनं आईच्या हातावर हात ठेवला. आईनं तो काढला नाही, पण धरलाही नाही.

“तुझ्या गणितवाल्याला सांग, बरोबर आहे त्याचं. लिही तसं. आई पोराला सोडून गेली होती, हे लिही. शाईनं लिही. फक्त एक लिहू नकोस, की ती पोरासाठी परत आली. लोक तेच लिहायला बघतील, गोड वाटतं म्हणून.” आईनं वर्तमानपत्र जवळ ओढलं आणि रेघ जिथे पुन्हा चढत होती तिथे बोट टेकवलं. “इथे मी का आले, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, ठके. आजही नाही.”